अणुपाणबुडीचा बॉयलर आणि आमचा बॉयलर

बॉयलरबाबा (ता. वाळवा)

मंडळी, नमस्कार. धाग्यात राजकारण नाही, त्यामुळं प्रतिसाद कमी येणार हे धरूनच लिहितोय.

आमचा भाचा ॲडलेडला एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये वेल्डिंग तपासायचं काम करतो. तिकडं सध्या जो तो अणुपाणबुड्यांवर बोलतोय म्हणे. सप्टेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिका यांचा ऑकस करार जाहीर झाला. ऑस्ट्रेलियाकडं आज कॉलिन्स जातीच्या सहा डिझेल पाणबुड्या आहेत. पुढच्या दशकात अमेरिकेकडनं व्हर्जिनिया जातीच्या तीन अणुपाणबुड्या घेणार, आणि मग ब्रिटनच्या जोडीनं नवीन जात ॲडलेडलाच बांधणार. गंमत अशी की त्या देशात अणुवीज केंद्र एकही नाही, कायद्यानंच बंदी आहे. आणि पहिली पाणबुडी यायला दहा-एक वर्षं असताना यांचे अधिकारी अमेरिकेत शाळेत जाऊन बसलेसुद्धा.

माझी शंका इथंच आहे. मी एका सहकारी साखर कारखान्यात ३१ हंगाम काढले, आधी बॉयलर हाउसला, मग टर्बाइनवर. भाच्यानं अणुपाणबुडीचं चित्र पाठवलं तर सगळी ओळखीचीच मंडळी निघाली. अणुभट्टीत पाणी तापतं, त्याच्यावर दुसऱ्या पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन, पुढं गिअर, आणि शेवटी पंखा. आमच्यात बगॅस म्हणजे उसाचं चिपाड जळतं, त्यांच्यात युरेनियम. वाफ ती वाफच. आमच्याकडं पोरगं दोन हंगाम फायरमनच्या हाताखाली राहिलं की बॉयलर अटेंडंटच्या सेकंड क्लासच्या परीक्षेची तयारी करतं. ह्यांना दहा वर्षं कशाला लागतात?

सातारा-सांगलीत घरटी एक फौजी, पण बहुतेक पायदळातले. पाणबुडीत राहून आलेलं कुणी असेल तर सांगा.

---

शंकासुर (सांगली)

बाबा, दहा वर्षं पगार काढायला लागतात. ऑस्ट्रेलियन सरकारनंच आकडा दिलाय, २०५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत २६८ ते ३६८ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर. एवढ्यात अख्खी कृष्णा दोन्ही काठांनी काँक्रीट करून निघेल. (आयडिया देत नाहीये. आमच्याकडं कुणी मनावर घेईल.)

---

कोळशीखिंड (कराड)

हात वर करतो. पंधरा वर्षं नौदलात होतो, त्यातली नऊ सिंधुघोष जातीच्या म्हणजे किलो पाणबुड्यांवर, इंजिनरूमला. अणुपाणबुडीवर नव्हतो, पण तिकडं गेलेले दोस्त आहेत. त्यांच्या बोटीबद्दल ते बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही. उघड माहितीत जे आहे तेवढंच लिहितो.

बाबा, तुमची वाफेची साखळी बरोबर आहे. फरक सुरू होतो तो आग विझवताना.

कारखान्यात काही गडबड झाली की तुम्ही काय करता? बगॅसचा फीड तोडता, पंखे बंद करता, तासाभरात प्रेशर उतरायला लागतं. अणुभट्टी बंद केली, नियंत्रक सळया सगळ्या खाली गेल्या, तरी इंधनात तयार झालेले किरणोत्सारी तुकडे उष्णता देतच राहतात. बंद केल्याच्या क्षणी पूर्ण ताकदीच्या साधारण सहा-सात टक्के. आपल्या अरिहंत या अणुपाणबुडीची भट्टी ८३ मेगावॉटची असं सगळीकडं छापून आलंय. त्याचे साडेसहा टक्के धरले तर पाच मेगावॉटच्या वर गेलं. एक दिवसानंतर अर्धा टक्का उरला म्हटलं तरी चारशे किलोवॉट, म्हणजे घरातले दोन-दोन किलोवॉटचे दोनशे गीझर एका खोलीत चालू, आणि त्यांना बटणच नाही. ते पाणी फिरत राहिलंच पाहिजे. समुद्राखाली, अंधारात, वीज गेली तरीही.

एवढ्यासाठी शाळा. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या अणुशक्ती शाळेत सहा महिने नुसती थिअरी असते: अणुभौतिकी, उष्णता, पाण्याचं रसायन, किरणोत्सार. मग आणखी सहा महिने शिकवण्यासाठी ठेवलेल्या खऱ्याखुऱ्या अणुभट्टीवर, खऱ्या पाळीत. तेवढं झालं की बोटीवर जाऊन पुन्हा शून्यापासून पात्रता. ऑस्ट्रेलियाचे पहिले तीन अधिकारी त्या शाळेतनं जुलै २०२३ मध्ये बाहेर पडले. तीन. सुरुवात अशी होते.

आपण काय केलं ते आठवा. १९८८ मध्ये सोव्हिएत युनियनकडनं तीन वर्षांसाठी एक अणुपाणबुडी भाड्यानं आणली, पहिली चक्र. लोक म्हणाले, तीन वर्षांत परत द्यायची तर आणली कशाला? माणसं तयार करायला. दुसरी चक्र २०१२ ते २०२१. मधल्या काळात कल्पक्कमला अरिहंतसारखीच भट्टी जमिनीवर बांधून चालवली, म्हणजे चुका करायच्या त्या जमिनीवर. अरिहंत जुलै २००९ मध्ये पाण्यात उतरली, भट्टी पेटली ऑगस्ट २०१३ मध्ये, नौदलात आली ऑगस्ट २०१६ मध्ये. पाण्यात पडल्यावरची सात वर्षं ही. तिच्याच जातीची दुसरी, अरिघात, आली ऑगस्ट २०२४ मध्ये.

---

बॉयलरबाबा

गीझरचं लगेच पटलं. आमचंही अगदी तसं नसतं म्हणा, भट्टीतल्या विटा तापलेल्या असतात, फीड तोडला तरी ड्रममध्ये पाणी सोडत राहावं लागतं. पण दुसऱ्या दिवशी माणूस आत शिरून क्लिंकर, म्हणजे राखेची घट्ट ढेकळं, काढतो. तिथं कोण शिरणार?

---

कोळशीखिंड

कुणीच नाही. ते दार उघडायचंच नसतं. व्हर्जिनियाची भट्टी तर सीलबंद येते, बोटीचं आयुष्य तेहतीस वर्षांच्या आसपास, तेवढं इंधन एकदाच. ऑस्ट्रेलियाला इंधनाला हातच लावायचा नाही.

---

शंकासुर

थट्टा बाजूला. माझा खरा प्रश्न हा की अणू पाहिजेच कशाला? जपाननं २०२० मध्ये ओऱ्यू नावाची लिथियम-आयन बॅटरीवाली पाणबुडी सेवेत घेतली. आपल्या अंबरनाथच्या प्रयोगशाळेनं हवेशिवाय चालणारी फ्युएल सेल प्रणाली बनवली. शिवाय आता समुद्राखालचे ड्रोन आले. शंभरावर माणसं आणि एक अणुभट्टी लोखंडी नळकांड्यात घालून पाठवायचे दिवस संपले नाहीत का? पाच वर्षांनी या पाणबुड्या ट्रॅक्टर आल्यावरच्या बैलजोडीसारख्या दिसतील.

---

हळदगड्डा (सांगली, मार्केट यार्ड)

बैलजोडीला नावं ठेवू नका राव, शर्यतीच्या खोंडाचे भाव विचारून या एकदा.

---

कोळशीखिंड

शंकासुर, प्रश्न रास्त आहे. मी डिझेलवालाच, त्यामुळं डिझेलची बाजू मला प्यारी. बॅटरीवर चालणारी डिझेल बोट अणुपाणबुडीपेक्षा शांत असते, कारण अणुवाल्यांचे भट्टीचे पंप एरवी चालू ठेवावेच लागतात. उथळ किनाऱ्यावर, अरबी समुद्रात दबा धरून बसायला डिझेल बोट उत्तम. म्हणून तर माझगाव डॉकनं बांधलेल्या कलवरी जातीच्या सहा डिझेल बोटी आपल्याला लागतात. शेवटची वागशीर जानेवारी २०२५ मध्ये आली. त्यातल्या खांदेरीचं नाव आपल्याच जलदुर्गावरनं आहे, हे जाता जाता.

पण अंतर आलं की गणित फिरतं. डिझेल बोट पूर्ण वेगानं पळाली तर बॅटरी काही तासांतच संपते. मग वर येऊन नळी हवेत काढायची, डिझेल लावायचं, बॅटरी भरायची. आम्ही त्याला स्नॉर्ट म्हणायचो. ते तास म्हणजे रानात आडोसा नसताना टॉर्च लावून बसल्यासारखे. वरनं विमान आलं की सापडलाच. बॅटरी भरताना हायड्रोजन सुटतो, तो हवेत चार टक्क्यांवर गेला की स्फोटक, म्हणून मीटरवर डोळा ठेवून एक माणूस कायम. फ्युएल सेलवर दोन-तीन आठवडे खाली राहता येतं, पण बैलगाडीच्या वेगानं. पर्थहून दक्षिण चीन समुद्र किंवा विशाखापट्टणमहून मलाक्काच्या पलीकडं असं जायचं तर डिझेल बोटीचा निम्मा वेळ जाण्यायेण्यातच जातो. अणुपाणबुडी हवा आणि गोडं पाणी समुद्रातनंच काढते, पाण्याचं विघटन करून ऑक्सिजन. तिला परत आणतं ते संपलेलं पीठ आणि तांदूळ.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्याकडं अणुशक्तीवर चालणाऱ्या दोन हल्लेखोर पाणबुड्यांना मंजुरी मिळाल्याच्या बातम्या आल्या, त्या याचसाठी. अरिहंत वेगळी. तिचं काम क्षेपणास्त्रं घेऊन लपून राहायचं. ह्या दोन शिकारी असतील.

ड्रोनचं म्हणाल तर पाण्याखाली रेडिओ चालत नाही. अतिकमी वारंवारतेच्या लहरी तेवढ्या काही मीटर आत शिरतात, त्यासाठी आपल्याकडं तिरुनेलवेलीजवळ कट्टबोम्मन हे मोठ्या मनोऱ्यांचं केंद्र आहे. तरी तो संदेश एकतर्फी आणि मुंगीच्या पावलानं. म्हणजे ड्रोन खाली गेला की त्याचं तो बघणार. सुरुंग शोधणं, तळाचा नकाशा काढणं, एका जागी ऐकत पडून राहणं यात तो माणसापेक्षा बरा. ऑस्ट्रेलिया घोस्ट शार्क नावाचा मोठा ड्रोन पाणबुड्यांच्या जोडीनंच आणतंय, त्यांच्या ऐवजी नव्हे. पण समोरचा आवाज मच्छीमाराचा की शत्रूचा, आणि टॉर्पेडो सोडायचा का, हे त्याच्यावर सोपवायला आज कुणी तयार नाही.

---

जवारीवाला (मिरज)

मी सतारीच्या गल्लीतला, पाणबुडीशी काही संबंध नाही. "समोरचा आवाज कुणाचा" यावरनं लिहावंसं वाटलं.

जवारी काढताना सतारीची तार जिच्यावर टेकते त्या घोडीचा माथा कानसानं घासतो. केसाएवढा फरक पडला तरी तारेचा आवाज उघडतो नाहीतर मिटतो. मोबाइलवरच्या ट्यूनरला स्वर कळतो, जवारी कळत नाही. पाणबुडीत सोनारवर, म्हणजे पाण्यातला आवाज ऐकायच्या यंत्रावर, बसणाऱ्या माणसाचा कान असाच तयार करत असतील का? आणि आता ते काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडं जाणार म्हणे?

---

कोळशीखिंड

अगदी तसाच. हेडफोन लावून महिनोन्‌महिने टेप ऐकवतात. मालवाहू जहाज, ट्रॉलर, पाऊस, देवमासा. उथळ गरम पाण्यात एक चटचटी कोळंबी असते, हजारोंनी एकदम नांगी वाजवतात, फोडणीत मोहरी तडतडावी तसं. नवीन पोरगं दोन दिवस डोकं धरून बसतं. मग त्याच तडतडीच्या मागं कुठंतरी पंख्याच्या पात्यांचा ठोका ऐकू यायला लागतो. पाती मोजायची, ठोक्यावरनं फेरे काढायचे, जहाज ओळखायचं.

आता पडद्यावर आवाजाची चित्रं उमटतात, संगणक त्यातनं बारीक रेघा माणसाच्या आधी पकडतो. तो थकत नाही, पहाटे तीन वाजता त्याची मान पडत नाही. ही मदत मोठी आहे. अडचण अशी की यंत्राला शिकवायला नमुने लागतात, आणि शत्रूच्या नव्या पाणबुडीचे नमुने बाजारात मिळत नाहीत. असतील ते थोडे, तेही कुणी कुणाला देत नाही. यंत्रानं "ट्रॉलर" म्हटलं आणि कानाला ते पटलं नाही, तर कॅप्टनला तसं तोंडावर सांगणारा माणूस लागतो. तो ट्यूनर बघून मोठा झालेला असेल तर कसं व्हायचं, ही काळजी मला आहे. तुम्हाला जास्त कळेल ती.

---

जवारीवाला

कळते. आमच्याकडं नवीन पोरं आधी ट्यूनर काढतात, मग कान लावतात. मी ट्यूनर खिशात ठेवायला लावतो.

---

सोनालीताई (इस्लामपूर)

मी पॉलिटेक्निकला वेल्डिंग आणि विनाविध्वंस चाचणी (जोड न तोडता आतला दोष शोधणं) शिकवते. इथं सगळे बोटीतल्या माणसांवर बोलताहेत. किनाऱ्यावरच्यांचं काय?

अणुपाणबुडी धक्क्याला लागली की तिथं किरणोत्सार मोजणारे, रसायन तपासणारे, गळती शोधणारे, झडपा दुरुस्त करणारे, आणि यातल्या कुणालाही "काम थांबवा" म्हणू शकेल असा स्वतंत्र नियामक लागतो. ऑस्ट्रेलियानं जुलै २०२३ मध्ये पाणबुडीसाठी वेगळी संस्था काढली आणि २०२४ मध्ये नौदलाच्या अणुसुरक्षेचा वेगळा कायदा केला. त्याच वर्षी पर्थजवळच्या तळावर अमेरिकेची हवाई नावाची अणुपाणबुडी दुरुस्तीला आली, तेव्हा अमेरिकन दुरुस्ती-जहाजावर ऑस्ट्रेलियन तंत्रज्ञांना बरोबर घेऊन काम केलं गेलं. मला हे पाणबुडी विकत घेण्यापेक्षा मोठं वाटतं. ब्राझीलनं फ्रान्सबरोबर २००८ मध्ये करार केला, तेही आधी जमिनीवर नमुना भट्टी उभारत बसलेत.

आणि आपला भाग यात नाही असं समजू नका. अरिहंतचे गिअरबॉक्स वालचंदनगरचे. किर्लोस्करवाडीचा पंप तर आपल्याला विहिरीवरचा म्हणून माहीत, पण त्या कंपनीचे पंप अणुवीज केंद्रांतही चालतात. माझ्या वर्गातल्या मुलांना हे सांगितलं की ती क्ष-किरण फिल्म जरा सरळ धरतात. दोन दिवस तरी.

---

शंकासुर

ताई, नियामक स्वतंत्र असतो ह्या वाक्यावर चहा सांडला. बाकी मुद्दा मान्य.

---

बॉयलरबाबा

सगळं दोनदा वाचलं. आता माझं सांगतो, मग कोळशीखिंड यांना एक विचारायचंय.

हंगामातली गोष्ट, जानेवारीची थंडी, रात्रपाळी. आमच्याकडं दर तासाला लॉगबुकात रीडिंग लिहायचं असतं: ड्रमची पातळी, प्रेशर, फीड वॉटरचं तापमान, पाण्याचा पीएच. दोन वाजता मी फिरत गेलो, तर पोरानं चार वाजेपर्यंतची रीडिंगं आधीच लिहून ठेवलेली. अक्षर सुरेख, आकडे एकसारखे. तो स्वतः ऊबेला फीडरच्या मागं झोपला होता. नेमका तेव्हा फीड पंपानं दम सोडला होता, गेज ग्लासातलं पाणी खाली चाललेलं. लॉगबुकात मात्र पातळी मस्त. मी दुसरा पंप लावला, बॉयलर ट्रिप झाला, मिल अडीच तास बंद. कुणाला काही झालं नाही.

पोराला दंड झाला. पंधरा दिवसांनी कळलं की आता चारही पोरं आधीच आकडे लिहितात, फक्त थोडे वेगवेगळे लिहितात, खरे वाटावेत म्हणून. दंडानं एवढंच शिकवलं. पुढं नवीन चीफ इंजिनिअर आले. त्यांनी सांगितलं, ज्यानं स्वतःहून येऊन "साहेब, रीडिंग चुकलं" म्हटलं त्याला दंड नाही. लपवलेलं सापडलं तर गेटबाहेर. पहिला महिना कुणी आलं नाही. मग एक जण आला, त्याला साहेबांनी चहा पाजला. तिथनं फरक पडला.

तर विचारायचं हे की पाणबुडीत रीडिंग कोण तपासतं? तिथंही पोरंच असतील, वीस-बावीसची, पहाटेची झोप.

---

कोळशीखिंड

बाबा, तुम्ही धागा काढला तेव्हाच उत्तर तुमच्याकडं होतं.

अमेरिकेसारख्या नौदलात हेच झालं. २००७ मध्ये त्यांच्या हॅम्पटन नावाच्या अणुपाणबुडीवर भट्टीच्या पाण्याची रोजची रासायनिक तपासणी कितीतरी दिवस केलीच नव्हती आणि नोंदी मागनं भरल्या होत्या. तुमचाच पीएचचा रकाना म्हणा. पाण्याचं रसायन बिघडलं तर नळ्या आतनं खात जातात, वर्षांनी कळतं. भट्टीला काही झालं नव्हतं. तरीही कॅप्टनला हटवलं. जगातली सगळ्यात कडक अणुशाळा शिकून आलेली पोरं ती.

त्या शाळेची सवय लावली ॲडमिरल रिकोव्हर यांनी. नॉटिलस, पहिली अणुपाणबुडी, जानेवारी १९५५ मध्ये अणुशक्तीवर निघाली ती त्यांच्या हाताखाली. अणुविभागात येणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याची मुलाखत ते स्वतः घ्यायचे, वर्षानुवर्षं. माणूस फार तिरसट होता म्हणतात. पण बोटीवर काही बिनसलं तर ते दडवण्यापेक्षा कळवणं सोपं, अशी घडी त्यांनी बसवली. १९६३ मध्ये थ्रेशर १२९ माणसांसह बुडाली. त्यानंतर पाणी आत येऊ शकेल अशा प्रत्येक जोडाचा, प्रत्येक झडपेचा कागद ठेवायची पद्धत सुरू झाली. त्या पद्धतीतनं पास झालेली एकही बोट आजवर बुडालेली नाही. १९६८ मध्ये गेलेली स्कॉर्पियन पास झालेली नव्हती.

आपल्यालाही किंमत मोजून कळलंय. ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईच्या गोदीत सिंधुरक्षक पाणबुडीवर स्फोटात १८ जण गेले. त्यातल्या काहींना मी ओळखत होतो, त्यावर जास्त लिहीत नाही. पुढच्या फेब्रुवारीत सिंधुरत्नवर धूर होऊन दोन अधिकारी गेले आणि नौदलप्रमुख ॲडमिरल जोशी यांनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला.

तर ऑस्ट्रेलियाची दहा वर्षं कशात जाणार? कॉलिन्सवर सुमारे साठ माणसं, व्हर्जिनियावर एकशेतीसच्या वर. बोटी येतील तेव्हा दुप्पट माणसं हवीत, आणि त्यातल्या निम्म्यांना पाळीवरचा वरिष्ठ व्हायला आठ-दहा वर्षं लागतात. वरिष्ठ भरती करून मिळत नाही. तो तुमच्या चीफसारखा कुठंतरी बनलेला असावा लागतो, म्हणजे पोरगं पहाटे चार वाजता येऊन "सर, मी ती तपासणी केलेली नाही" म्हणायला धजेल. पहिल्या चक्रवर गेलेल्यांनी परत येऊन पुढच्यांना शिकवलं, त्यांनी पुढच्यांना. आपली ही साखळी १९८८ पासूनची. ऑस्ट्रेलिया पहिली कडी आत्ता घडवतंय.

---

हळदगड्डा

गप्पा मारायला आलो होतो, तासभर वाचत बसलो. पावत्या राहिल्या. माझा पुतण्या साताऱ्याच्या सैनिक स्कूलला नववीत आहे, त्याला धाग्याची लिंक पाठवली. म्हणतो, पाणबुडीत मोबाइल लागतो का?

---

कोळशीखिंड

नाही लागत. सूर्यही दिसत नाही. तरी यायचं असेल तर आधी नौदल, मग स्वेच्छेनं पाणबुडी, मग विशाखापट्टणमला सातवाहन या तळावर प्रशिक्षण. तिथं पाण्यानं भरलेल्या उंच टाकीत बुडालेल्या बोटीतनं बाहेर पडायचा सराव करतात. पोहायला आत्तापासून लावा, कृष्णेत नको, तलावात.

---

सोनालीताई

बाबा, एक राहिलं. त्या झोपलेल्या मुलाचं पुढं काय झालं?

---

बॉयलरबाबा

चहा पाजलेला तोच. पुढं फर्स्ट क्लासची परीक्षा पास झाला. आता दुसऱ्या कारखान्यात बॉयलर हाउस सांभाळतो. परवा अग्निप्रदीपनाला बोलावलं होतं त्यानं. मी गेल्या गेल्या लॉगबुक मागितलं, तर म्हणाला, "मामा, आधी जेवा."